पट्टीवरचं शेवटचं चित्र

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, कामाचे अनुभव लिहा, पण जरा प्रेरणादायी असू द्या." मी हो म्हणाले आणि पुढचा आठवडाभर कागद कोराच राहिला. माझ्या कामात प्रेरणा नव्हती असं नाही, पण तिच्या वाट्याला फार थोडा वेळ यायचा. बाकी सगळा वेळ काळजी. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी दुपारी साडेबाराच्या सुमाराला माझा जीव अजून वर-खाली होतो. ती शाळा सुटायची वेळ. गॅसवर कुकर असतो, आमचे हे पेपर वाचत असतात आणि मी ओट्याशी उभी राहून मनातल्या मनात मुलं मोजत असते. हे म्हणतात, "आयुष्यभर काळजी करायचा पगार घेतलास, आता फुकटात तरी करू नकोस."

काम काय होतं ते आधी सांगते. नवीन पनवेलमधल्या एका मराठी प्राथमिक शाळेत एका संस्थेतर्फे मी विशेष शिक्षिका होते. पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून असलेली खोली आमची. शाळेतल्या ज्या मुलांना इतरांपेक्षा जास्तीची मदत लागते, ती दिवसातला थोडा वेळ आमच्या खोलीत आणि बाकीचा वेळ आपापल्या वर्गात. कुणाला फळ्यावरची अक्षरं जागची हललेली दिसतात, कुणाला खुर्चीवर दोन मिनिटं बसवत नाही, कुणी बोलत नाही, तर कुणी बोलायला लागलं की थांबत नाही. वर्गात या मुलांच्या शेजारी बसायला खारघरच्या कॉलेजांतली मुलंमुली यायची. त्यांना आम्ही सोबती म्हणायचो. सोबत्यानं करायचं काय, तर शेजारी बसायचं आणि होता होईल तितकं कमी करायचं. यातलं 'कमी करायचं' हे शिकवण्यात माझे सहा महिने जायचे. उत्साही पोरं. मुलाची वहीसुद्धा स्वतः लिहून मोकळी व्हायची.

"तुमच्याकडे किती हो पेशन्स!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. मी चांगली तापट बाई आहे, घरी विचारा. मुलांवर मी कधी चिडले नाही, कारण सगळा राग मोठ्या माणसांवर खर्च व्हायचा. एक वडील टॉवरमधून गाडी घेऊन यायचे आणि दर शुक्रवारी मुलाच्या प्रगतीचा आलेख मागायचे. मी एकदा म्हटलं, "या आठवड्यात त्यानं स्वतःच्या हातानं डबा उघडला." ते म्हणाले, "ओके. म्हणजे किती टक्के?" एक आजी नातवाला घेऊन आल्या. नातू सहा वर्षांचा, तोंडातून शब्द नाही. आजी ठामपणे म्हणाल्या, "याचा बापही सात वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. आता बघा, दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही." त्यांचं आणि माझं पुढे छान जमलं.

पण मला सांगायचंय ते रिद्धीबद्दल. या सगळ्या वर्षांत माझ्या हातून एकच मूल हरवलं, ती रिद्धी. पावणेदोन तास ती सापडत नव्हती. आणि ती हरवली ते मी माझं काम फार चांगलं करते असा माझा समज होता, त्यामुळे.

रिद्धी दुसरीत होती, आठ वर्षांची. चवड्यांवर चालायची, हॉर्न वाजला की दोन्ही कान हातांनी झाकायची, आणि हाक मारली तर वळायची नाही. ऐकू येत होतं, व्यवस्थित येत होतं, पण आपल्या नावाशी आपला काही संबंध आहे हे तिनं मानलेलं नव्हतं. घरचे मूळचे उलव्याकडच्या खाडीकाठचे. विमानतळाच्या कामात गाव उठलं तेव्हा ते पनवेलला आले. वडील बंदरात कामाला, आणि आई सुनंदाताई खांदा कॉलनीत रस्त्याच्या कडेला मासळी विकायच्या. पहाटे उरणच्या बाजूनं माल आणायचा, सकाळभर विकायचा, टोपली धुऊन शेजारी ठेवायची आणि साडेबाराला शाळेच्या गेटवर हजर. त्यांच्या वेळेवर घड्याळ लावावं. माझ्याशी मात्र त्या सदैव अदबीनं. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "तुमी म्हनाल तसं, मॅडम."

अशा मुलांना पुढे काय होणार हे कळत नाही, आणि कळत नाही म्हणून ती घाबरतात. आपण परक्या देशात उतरलो आणि कुणीतरी हात धरून न सांगता इकडून तिकडे नेऊ लागलं, तर आपणही ओरडूच. त्यावर आमच्याकडे एक उपाय असतो, चित्रांची पट्टी. हातभर लांबीची पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यावर बुटाला असतो तसला खरखरीत वेल्क्रो, आणि त्यावर दिवसाची कामं ओळीनं चिकटवलेली, चित्रांत. प्रार्थना, वही, खेळ, खिचडी, हात धुणं. एक काम संपलं की मुलानं ते चित्र स्वतः काढायचं आणि 'झालं' असं लिहिलेल्या डब्यात टाकायचं. सगळी चित्रं डब्यात गेली की दिवस संपला.

या पट्टीचा एकच नियम, आणि तो मी सोबत्यांच्या डोक्यात खिळ्यानं ठोकावा तसा ठोकायची. पट्टीवर जे आहे ते झालंच पाहिजे. होणार नसेल तर आधी चित्र बदला, मग मुलाला दाखवा. पट्टी एकदा जरी खोटं बोलली तरी मूल पुन्हा तिच्यावर विश्वास ठेवत नाही. खेळाचं चित्र लावून खेळायला नेलं नाही म्हणून मी एका सोबत्याला इतकं बोलले होते की तो बिचारा रडायच्या बेताला आला होता. असा माझा धाक.

रिद्धीच्या पट्टीवर शेवटचं चित्र आईचं होतं. चित्र कसलं, फोटोच, कारण तिला रेखाटलेली आई कळायची नाही. तो फोटो काढायला मी सुनंदाताईंना गेटवर उभं केलं तर त्या अगदी अवघडून गेल्या, हात कुठे ठेवावा त्यांना कळेना. म्हणून एका सकाळी मीच त्यांच्या मासळीच्या जागी गेले आणि तिथे काढला. सुनंदाताई खाली बसलेल्या, पुढे टोपली, मागे सोसायटीची गुलाबी भिंत, शेजारी इस्त्रीवाल्याचं टेबल. आई इतकी मोकळी दुसऱ्या कुठल्या फोटोत दिसली नसती. मला त्या फोटोचा भारी अभिमान. नव्या सोबत्यांना शिकवताना मी तो नमुना म्हणून दाखवायची.

शाळा सुटली की रिद्धी तो फोटो पट्टीवरून काढून हातात धरायची. आई आली की माझ्या किंवा सोबत्याच्या हातात द्यायची आणि आईचा पदर पकडायची. झाला दिवस. दीड-दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं.

तो शुक्रवार होता, म्हणजे मासळीचा दिवस. शिक्षकांची कसलीशी बैठक होती म्हणून शाळा तासभर आधी, साडेअकरालाच सुटणार होती. मी सकाळीच सुनंदाताईंना फोन केला.

"बारा तरी वाजतील मॅडम," त्या म्हणाल्या. "आज गिऱ्हाईक लय हाय."

"निवांत या," मी म्हणाले. "प्रणाली बसेल तिच्याजवळ."

प्रणाली म्हणजे रिद्धीची सोबती. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला होती, शांत मुलगी. वर्षभरात रिद्धीनं तिच्या खांद्याला डोकं टेकण्यापर्यंत मजल मारली होती, आणि ते माझ्याही वाट्याला कधी आलं नव्हतं. तर साडेअकराला शाळा सुटली आणि प्रणाली रिद्धीला घेऊन गेटजवळच्या बाकावर बसली. रिद्धीच्या हातात आईचा फोटो.

दहा मिनिटांनी वर आमच्या खोलीत एका मुलाचा तोल गेला. घरी जायची वेळ अचानक बदलली होती, बाहेर गोंधळ होता, ते त्याला सहन झालं नाही. तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. मी त्याला मागून धरलं, पण एका माणसाच्या हातांनी ते आवरण्यासारखं नव्हतं. मी खिडकीतून ओरडले, "प्रणाली, वर ये! लगेच!"

तिनं खालून वर बघितलं. "मॅडम, रिद्धी?"

"शिपाईमामा आहेत ना गेटवर! ये लवकर!"

प्रणाली धावत वर आली. मुलाला शांत करायला आम्हाला दहा-बारा मिनिटं लागली. मग ती खाली गेली आणि मला जिन्यातून तिचे पाय ऐकू आले. चालत गेलेली मुलगी पळत परत येत होती.

बाक रिकामा होता. रिद्धीचं दप्तर तिथेच होतं, त्यावर पट्टी. शिपाईमामा रिक्षावाल्यांना गेटसमोरून हटवायला बाहेर गेले होते. त्यांनी काही बघितलं नव्हतं. मी पट्टी उचलली. तिच्यावर एकही चित्र उरलेलं नव्हतं. मी ती बघितली आणि पर्समध्ये कोंबली. हे मुद्दाम सांगतेय, कारण त्या क्षणी मी जरा थांबून ती पट्टी नीट वाचली असती, तर पुढचं काही घडलंच नसतं.

पण माझ्या डोक्यात नियम होते. आमच्या कामात सगळ्यांना शिकवलेलं असतं की असं मूल हरवलं तर आधी पाणी बघा. अनेक मुलांना पाण्याची ओढ असते. त्यातून ही खाडीकाठची पोर. मी दोन शिक्षकांना स्कूटरवर पिटाळलं, एकाला हायवेकडे, दुसऱ्याला स्टेशनकडे. प्रणालीला म्हटलं शाळेतच थांब, संडास, गच्ची, वर्ग, सगळं बघ. आणि मी शाळेपासून जवळच्या तलावाकडे पळाले. पळाले म्हणजे त्या वयात जितकं पळता येतं तितकं.

पळता पळता पोलीस चौकीला फोन केला. पलीकडच्या हवालदारांचा आवाज शांत होता.

"नाव विचारलं तर सांगेल का?"

"नाही."

"हाक मारली तर थांबेल?"

"नाही."

"मग ओळखायची कशी, मॅडम?"

"निळा युनिफॉर्म, दोन वेण्या, लाल रिबिनी. चवड्यांवर चालते. आणि हॉर्न वाजला की कान झाकते." हे शेवटचं बोलले आणि मला हायवे दिसला. हायवेवर हॉर्नशिवाय काय असतं? कान झाकून उभी राहिली असेल तर ती जिथे असेल तिथेच उभी राहणार, गाडी समोरून येवो नाहीतर मागून.

त्यानंतर सुनंदाताईंना फोन. तो फोन लावायला माझं बोट तयार होईना. त्यांनी उचलला तेव्हा मागे गिऱ्हाइकांचा आवाज होता. मी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी शाळंत येते." ओरडल्या असत्या, मला चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

तलावावर कुणी नव्हतं. एक माणूस काठाला रिक्षा धूत होता. त्यानं कुठलीच मुलगी बघितली नव्हती, पण तो म्हणाला, "मी तर आत्ताच आलोय." आत्ताच्या आधी काय झालं ते कुणाला माहीत? मी काठाकाठानं पूर्ण चक्कर मारली. पाणी हिरवं, जड, काही दाखवत नव्हतं. मी लाल रिबीन शोधत होते आणि ती दिसू नये म्हणून देवाला विनवतही होते. फोन सारखा वाजत होता. स्टेशनवर नाही. हायवेवर नाही. गच्चीवर नाही. एक वाजून गेला होता.

मी तिथल्या पायरीवर बसले. मनात नको ते येत होतं. घरी सांगायचं कसं, पेपरात काय छापून येईल, संस्था बंद होईल, हे सगळं. आणि मला माझीच लाज वाटली, की मुलगी सापडलेली नाही आणि मी स्वतःचा विचार करतेय. तोंड पुसायला रुमाल काढावा म्हणून पर्समध्ये हात घातला तर पट्टी हाताला लागली.

रिकामी पट्टी. सगळी चित्रं डब्यात गेलेली, पण आईचा फोटो डब्यात नव्हता. तो रिद्धीच्या हातात होता. म्हणजे तिच्या हिशोबानं दिवस संपलेला नव्हता. शेवटचं काम राहिलं होतं, आणि त्याचं चित्र तिच्यापाशी होतं. काय होतं त्या चित्रात? मी काढलेला फोटो मी मनात पुन्हा बघितला आणि पहिल्यांदाच नीट बघितला. त्यात आई होती, पण शाळेचं गेट नव्हतं. त्यात गुलाबी भिंत होती, इस्त्रीचं टेबल होतं.

खांदा कॉलनीकडे जायला रिक्षात बसल्यावर मला दुसरी गोष्ट आठवली, आणि तिनं मला पहिलीपेक्षा जास्त हादरवलं. सुनंदाताई आता त्या जागी बसतच नव्हत्या. वासाची तक्रार झाली म्हणून सोसायटीवाल्यांनी त्यांना उठवलं होतं. त्या आता मोठा रस्ता ओलांडून पलीकडे बसायच्या. हे त्यांनी मला सांगितलंही होतं, गेटवर, रिद्धीचा हात धरून. "मॅडम, मी आता जागा बदललीय, फोटो बदलाया लागंल का?" आणि मी म्हटलं होतं, "हो हो, बदलू." त्याला चार महिने झाले होते.

इस्त्रीवाल्यानं मला लांबूनच हात केला. तो उत्तरेकडचा भला माणूस. "मॅडम, ये मछलीवाली की बेटी है ना? कब से बैठी है. पूछा तो बोलती नहीं. हमको लगा माँ आती होगी."

रिद्धी गुलाबी भिंतीशी उकिडवी बसली होती, आई बसायची नेमकी त्याच जागी, टोपलीपुरती जागा पुढे सोडून. इस्त्रीवाल्यानं ठेवलेला पाण्याचा ग्लास शेजारी तसाच भरलेला. चेहरा उन्हानं लाल. दोन्ही हातांत फोटो घट्ट धरलेला. ती अर्धा मैल एकटी चालत आली होती, वाटेतला चौक ओलांडून. मी तिच्याजवळ गेले, हात धरला, तशी ती किंचाळली. तिचं बरोबर होतं. फोटोत मी नव्हते.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि सुनंदाताईंना फोन केला. त्या शाळेतून रिक्षानं आल्या. उतरल्या, लेकीला बघितलं, आणि मला वाटलं आता त्या तिला कवटाळतील. त्यांनी तसं केलं नाही. त्या एक क्षण थांबल्या, लेकीच्या हातातला फोटो बघितला, मग पदर सावरला आणि भिंतीशी, फोटोत बसल्या होत्या तशा, खाली बसल्या. रिद्धीनं फोटोकडे बघितलं. आईकडे बघितलं. उठली, माझ्याजवळ आली, फोटो माझ्या हातात ठेवला आणि जाऊन आईचा पदर पकडला. मग सुनंदाताईंनी तिला छातीशी घेतलं आणि त्या रडल्या. मीही रडले. इस्त्रीवाला तोंड फिरवून शर्टाची घडी घालत राहिला.

इथे संपवता आलं असतं. संपादकांना हवं तसं प्रेरणादायीही झालं असतं. पण त्या दुपारी शाळेत परत गेल्यावर मुख्याध्यापिकांनी विचारलं, "गेटवर कोण होतं?" आणि मी म्हणाले, "प्रणाली."

खोटं नव्हतं. प्रणालीच होती. मी तिला वर बोलावलं हे मात्र मी बोलले नाही. फोटोबद्दलही बोलले नाही. लेखी टिपण मागितलं, त्यात मी लिहिलं, 'सोबती काही मिनिटांसाठी गेटवरून दूर गेली होती.' अक्षर अगदी छान आलं.

शनिवारी मुख्याध्यापिकांनी सुनंदाताईंना आणि मला बोलावलं. बाई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "त्या कॉलेजच्या मुलीला सोमवारपासून येऊ नको म्हणून कळवलंय. पण प्रश्न रिद्धीचा आहे. मुलगी अशी कधीही उठून जाणार असेल, तर शाळेला हे झेपणार नाही. तुम्ही दुसरी शाळा बघा."

सुनंदाताई हात जोडून उभ्या होत्या. "नाव नका काडू मॅडम. हितंच ती बसाया शिकलीय. दुसरीकडं कोन घेनार हाय?" एवढंच. फोटो जुना होता आणि तसं त्यांनी मला सांगितलं होतं, याबद्दल चकार शब्द नाही. मी वाट बघत होते, आता बोलतील, आता बोलतील. त्या बोलल्या नाहीत. सोमवारी काय ते सांगते, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि आम्ही बाहेर आलो.

जिन्याशी सुनंदाताई थांबल्या. इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "फोटोचा मी काय बोलले नाय, मॅडम. तुमी गेलात तर हिला कोन बघंल?"

मी इतके दिवस समजत होते की ही बाई माझा मान राखते. ती मला घाबरत होती. कालच्या दिवशीसुद्धा, लेक हरवलेली असतानासुद्धा, माझ्यावर ओरडायची तिची छाती झाली नव्हती, कारण मी नाराज झाले तर तिच्या मुलीची शाळा जाणार होती. आणि आता तीच मला वाचवत होती. मी जिन्यावर उभी राहिले आणि मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं इतकं हलकट वाटलं.

मी मागे वळले आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. प्रणालीला मी बोलावलं. तिनं रिद्धीचं नाव घेऊन विचारलं, तरी बोलावलं. फोटोतली जागा चार महिन्यांपूर्वीच बदलली होती आणि फोटो बदलायचं काम माझं होतं. मुलगी पळून गेली नाही, मी दीड-दोन वर्षं जे शिकवलं तेच तिनं तंतोतंत केलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे काल का नाही सांगितलंत?"

"घाबरले."

त्या म्हणाल्या, "मुलगी उगाच उठून जाते असं असतं, तर मी तिला ठेवू शकले नसते. कशामुळे गेली ते कळलं, तर बंदोबस्त करता येतो. राहू दे तिला." मला लेखी समज मिळाली आणि नोकरी राहिली. रिद्धीचं नावही राहिलं.

त्याच संध्याकाळी मी प्रणालीला फोन केला. मी सगळं सांगितलंय, तू सोमवारी ये, असं म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम, मी काल घरी सांगितलं की तुम्ही हाक मारली म्हणून मी वर गेले. आईनं विचारलं, मग तुझ्या मॅडमनी तसं सांगितलं का शाळेत?"

"आज सांगितलं गं."

"हो," ती म्हणाली. "आज." आवाजात राग नव्हता. रिद्धी कशी आहे ते विचारलं आणि फोन ठेवला. ती परत आली नाही. पुढे ती या क्षेत्रातच राहिली नाही, असं कुणीतरी सांगितलं. रिद्धीला दुसऱ्या सोबत्याच्या खांद्याला डोकं टेकायला वर्ष लागलं, आणि त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

रविवारी सकाळी मी नवा फोटो काढायला सुनंदाताईंच्या नव्या जागी गेले. त्यांच्याभोवती गर्दी होती. मी मोबाइल वर धरला, तशा त्या म्हणाल्या, "थांबा. असा नको."

मी मोबाइल खाली घेतला. त्यांच्या तोंडून 'नको' मी पहिल्यांदाच ऐकत होते. गिऱ्हाइकांना बाजूला सारून त्या उठल्या, हात धुतले, पुसले.

"माझा फोटो शाळंच्या गेटवर काडायचा. मी तिला तितं न्यायला येते, तर फोटोत गेटच पायजे. मी उभी कशी का दिसंना." मग म्हणाल्या, "आनि दर सोमवारी ती पट्टी आदी माझ्याकडं आनायची. मी सगळी चित्रं बघनार. मी हो म्हनले, तरच तिला द्यायची."

मी हो म्हणाले. गेटवर त्या पुन्हा तशाच अवघडून उभ्या राहिल्या, आणि मी तसाच फोटो काढला.

त्यानंतर रिद्धी आमच्या शाळेत होती तोवर दर सोमवारी सकाळी मी मासळीच्या टोपलीसमोर पट्टी घेऊन उभी राहायची. सुनंदाताई कोयता बाजूला ठेवून एकेक चित्र निरखायच्या. दोनदा त्यांनी 'हे नको' म्हणत ती बदलून आणायला मला परत दिली.